८७ छपरांची कचेरी

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे न्यूयॉर्क राज्यात दोन महिने राहण्याचा योग आला. एकदा मोटारीने जाताना गोशेन नावाच्या लहानशा गावात एक सरकारी इमारत पाहिली आणि बुचकळ्यात पडलो. तिचा काही भाग एकमेकांवर वेड्यावाकड्या रचलेल्या काँक्रीटच्या खोक्यांसारखा होता, तर त्याला चिकटून उभा असलेला भाग अगदी सरळसोट, काचेचा आणि नवा होता. जावई म्हणाले की ही एका मोठ्या वास्तुरचनाकाराची प्रसिद्ध कचेरी असून सरकारनेच ती अर्धी पाडली. मी आयुष्यभर बांधकाम खात्यात काम केले. पाडायची तर पूर्ण पाडावी आणि राखायची तर पूर्ण राखावी, एवढे मला कळते. हे अर्धे पाडणे कसे झाले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलेली वास्तू म्हणजे ‘ऑरेंज काउंटी गव्हर्नमेंट सेंटर’. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि गोशेन हे या जिल्ह्याचे मुख्य ठाणे. गाव मूळचे शेतीवाडीचे आणि घोडागाडीच्या शर्यतींचे. तिथले शर्यतीचे मैदान १८३८ पासूनचे आहे आणि न्यायालयाची जुनी इमारत १८४१ ची. अशा गावाच्या मुख्य रस्त्यावर, व्हरांड्यांच्या लाकडी घरांच्या शेजारी, १९६० च्या दशकात जिल्हा प्रशासनाने पॉल रुडॉल्फ यांच्याकडून नवी कचेरी आखून घेतली आणि १९७० च्या सुमारास ती नांदती झाली. गावाने एवढा धीट निर्णय घ्यावा याचे आज नवल वाटते, पण त्या काळी अमेरिकेतील सरकारी संस्थांना आपण आधुनिक आहोत हे इमारतीतून दाखवायचे होते, आणि त्यासाठी रुडॉल्फ यांच्याइतके मोठे नाव दुसरे क्वचितच होते.

रुडॉल्फ (१९१८–१९९७) हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि १९५८ ते १९६५ या काळात येल विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्स हे पुढे जगद्विख्यात झालेले दोघेही तिथले त्यांचे विद्यार्थी. याच विभागासाठी त्यांनी १९६३ मध्ये जी इमारत बांधली, तिच्या भिंतींवर उभ्या कंगोऱ्यांचे काँक्रीट ओतले होते आणि ते वाळल्यावर मजुरांकडून प्रत्येक कंगोऱ्याची धार हातोड्याने फोडून आतली खडी उघडी केली होती. दगडावर टाकी लावावी तसे हे काम, आणि तितकेच महाग. जिल्ह्याच्या तिजोरीला ते परवडणारे नव्हते. म्हणून रुडॉल्फ यांनी कारखान्यात साच्यातून निघणारा, उभ्या रेघांचा, दर्शनी बाजू खडबडीत असलेला काँक्रीटचा ठोकळा वापरात आणला. गोशेनची कचेरी याच ठोकळ्यांची आहे. स्वस्त साहित्यातून उंची पोत काढण्याची ही युक्ती मला त्यांच्या अनेक भव्य इमारतींपेक्षा अधिक मोलाची वाटते.

रचनेकडे येऊ. एका मोकळ्या चौकाभोवती तीन भाग होते, आणि त्यांत न्यायालये, जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींचे सभागृह, वाहन परवान्यांची व नोंदणीची कार्यालये अशी निरनिराळ्या स्वभावाची कामे चालत. रुडॉल्फ यांनी प्रत्येक कामाला त्याच्या गरजेएवढी खोली आणि तेवढीच उंची दिली. न्यायदालन उंच, कारकुनांची खोली बसकी, जाण्यायेण्याची वाट आणखी वेगळी. या खोल्या अर्धवट ओढलेल्या खणांप्रमाणे एकमेकींच्या पुढेमागे सरकवलेल्या होत्या, आणि जिथे एक खोली दुसरीपेक्षा उंच होई तिथल्या फटीतून वरचा प्रकाश आत उतरे. आत उभे राहिल्यावर आपण कोठडीत नसून एखाद्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू होता.

पण खोल्या निरनिराळ्या उंचीच्या म्हणजे छपरेही निरनिराळी. ती मोजली तेव्हा ८७ भरली. हा आकडा पुढे इमारतीच्या विरोधकांच्या तोंडी कायमचा बसला.

आपण बांधकाम खात्यातील असल्याने पुढचा हिशोब आपल्याला लगेच पटेल. ९० फूट बाजूची एकच चौरस गच्ची घेतली तर तिची कडा ३६० फूट भरते. तेवढेच क्षेत्रफळ १० फूट बाजूच्या ८१ लहान गच्च्यांत, वेगवेगळ्या पातळ्यांवर वाटले, तर प्रत्येकीची कडा ४० फूट आणि एकूण कडा ३,२४० फूट होते. क्षेत्रफळ एका इंचानेही वाढलेले नाही, पण सांभाळायची कड नऊपट झाली. गोशेनच्या छपरांची मापे याहून वेगळी आहेत, हे केवळ उदाहरण. परंतु तत्त्व तेच. सपाट छप्पर मधोमध सहसा गळत नाही. ते गळते जिथे स्लॅब उंच भिंतीला भिडतो तिथे, पॅरापेटच्या पायाशी, पाण्याच्या नळाच्या तोंडाशी. आपल्याकडे अशा जागी गोलाई काढून ब्रिकबॅट कोबा वरपर्यंत चढवतात आणि तरी चार पावसाळ्यांनी जिन्याच्या कोपऱ्यात ओल दिसतेच. तिथे तर बर्फ साचतो, दुपारी वितळून फटीत शिरतो आणि रात्री पुन्हा गोठून ती फट रुंद करतो.

त्यामुळे गळती खरी होती आणि ती फार लवकर सुरू झाली होती, हे इमारतीच्या चाहत्यांनीही प्रांजळपणे मान्य करायला हवे. प्रश्न पुढचा आहे. कडा नऊपट असेल तर देखभालही त्या प्रमाणात हवी. ती मिळाली नाही. ठिगळावर ठिगळ लावत चार दशके गेली आणि मग ठिगळांचीच तक्रार सुरू झाली.

२०१० मध्ये जिल्ह्याचे तत्कालीन प्रशासनप्रमुख एडवर्ड डायना यांनी इमारत पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव मांडला. तो तेव्हा मंजूर झाला नाही. पुढच्या वर्षी, २०११ च्या ऑगस्टअखेरीस ‘आयरीन’ आणि लगोलग सप्टेंबरमध्ये ‘ली’ अशी दोन वादळे न्यूयॉर्क राज्यावर आली; पाणी आत शिरले, बुरशी धरली आणि आरोग्याला धोका असल्याचे कारण देऊन इमारत बंद करण्यात आली. कार्यालये भाड्याच्या जागांत विखुरली, न्यायालयांचे कामकाज दुसरीकडे हलले. बंद इमारतीत पाणी आणि थंडी यांना रान मोकळे मिळते. पुढची चार वर्षे ते तसेच मिळाले. वादळामुळे इमारत पाडावी लागली असे जे सांगितले जाते, त्यातला घटनाक्रम म्हणूनच लक्षात ठेवावा : पाडण्याचा प्रस्ताव आधीचा आहे, वादळ नंतरचे.

जिल्ह्याच्या विधिमंडळात २१ सदस्य आहेत. २०१२ मध्ये पाडण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला, अटीतटीची चर्चा झाली आणि पाडण्याच्या बाजूचे लोक पुन्हा कमी पडले. पुढच्या वर्षी सदस्यांनी दुरुस्ती व नूतनीकरणाच्या बाजूने कौल दिला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ‘नूतनीकरण’ हा शब्द फार लवचीक आहे. आरंभी बोस्टनच्या ‘डिझाइनलॅब’ या संस्थेचा कामात सहभाग होता. मॅसॅच्युसेट्समधील डार्टमथ इथल्या विद्यापीठात रुडॉल्फ यांनीच बांधलेल्या ग्रंथालयाचे नूतनीकरण या संस्थेने उत्तम केले होते. पुढे ही संस्था कामातून बाहेर पडली, आराखडा बदलत गेला, आणि शेवटी नूतनीकरण या नावाखाली जे मंजूर झाले त्यात तीनपैकी एक भाग पूर्ण पाडून तिथे नवे बांधकाम करायचे आणि उरलेले दोन आतून मोकळे करून नव्याने घडवायचे असे ठरले. २०१५ मध्ये पाडकाम झाले आणि आपण पाहिलेले रूप त्यानंतरचे.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की पूर्ण पाडायला मते नव्हती आणि पूर्ण राखायला मन नव्हते. ही तडजोड कागदावर शहाणपणाची दिसते. माझ्या मते ती दोन्ही पर्यायांहून वाईट ठरली, कारण या इमारतीत भिंती आणि छपरे यांच्यापेक्षा आतल्या पातळ्यांचा आणि प्रकाशाचा खेळ महत्त्वाचा होता, आणि नेमका तोच गेला. उरले ते बाहेरचे खोके. आणि खोके तर लोकांना आधीपासूनच आवडत नव्हते.

प्रश्न : अशा इमारतींना ‘ब्रुटॅलिस्ट’ म्हणतात. हा शब्द ‘क्रूर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला असेल, तर स्वतःच्या शैलीला असे नाव कोण घेईल?
— वास्तुकलेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नावात फ्रेंच आहे, क्रौर्य नाही, निदान सुरुवातीला नव्हते. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए उघड्या, गिलावा न केलेल्या काँक्रीटला ‘बेतों ब्र्यूत’ म्हणजे कच्चे काँक्रीट म्हणत. मार्सेय इथली १९५२ मध्ये पूर्ण झालेली त्यांची निवासी इमारत आणि आपल्या चंदीगडचे सचिवालय ही त्याची ठळक उदाहरणे. दुसरा धागा स्वीडनचा : १९५० मध्ये तिथले वास्तुरचनाकार हान्स आस्प्लुंड यांनी सहकाऱ्यांच्या एका विटांच्या घराविषयी थट्टेने ‘नव-ब्रुटॅलिस्ट’ असा शब्द वापरला आणि तो इंग्लंडमध्ये पोहोचला. तिथे ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुरचनाकार दांपत्याने तो अभिमानाने स्वीकारला, आणि वास्तुसमीक्षक रेनर बॅनहॅम यांनी १९५५ मधील लेखात त्याला सिद्धांताचे बळ दिले. म्हणजे थट्टेतून निघालेले नाव पताका म्हणून मिरवले गेले, आणि सामान्य माणसाने मात्र ते इंग्रजी अर्थानेच ऐकले. एखाद्या शैलीचे नावच तिच्या विरोधातील पुरावा व्हावे, असे दुर्दैव इतर शैलींच्या वाट्याला फारसे आलेले नाही.

एक सावधगिरी बाळगा. रुडॉल्फ यांना या पंथात सरसकट बसवतात, पण स्मिथसन दांपत्याला हवा असलेला रोखठोक साधेपणा त्यांच्याकडे नव्हता. ते नाट्याचे रचनाकार होते. गोशेनमध्ये साहित्य रांगडे आहे, मांडणी मात्र अतिशय नटलेली आहे.

प्रश्न : आपण या इमारतीविषयी पूर्वी या सदरात केलेला ओझरता, हळहळीचा उल्लेख वाचला होता. मी ३१ वर्षे सरकारी कचेरीत नोकरी केली. त्यातली नऊ वर्षे पावसाळ्यात फायलींच्या कपाटावर प्लास्टिक टाकून आणि टेबलाशेजारी बादली ठेवून काढली. वास्तुकलेचे रसिक बाहेरून इमारत पाहून जातात. आत बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. गोशेनमध्ये तरी विचारले का?
— सेवानिवृत्त कर्मचारी, नागपूर

उत्तर : आपला राग रास्त आहे आणि तो मी इथे मुद्दाम छापतो आहे. गोशेनमधील कर्मचारी आणि तिथे कामासाठी येणारे नागरिक यांच्या तक्रारी निव्वळ अरसिकपणातून आलेल्या नव्हत्या. आतली दिशा लवकर उमगत नसे, आवाज घुमत, आणि गळती तर होतीच. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख इमारतीचे चाहते सहसा करत नाहीत. चार पायऱ्या चढून एका पातळीवर, तीन उतरून दुसऱ्या पातळीवर, ही गंमत धडधाकट माणसासाठी. अपंग व्यक्तींना सार्वजनिक ठिकाणी समान प्रवेश देणारा अमेरिकी कायदा १९९० चा आहे. ही इमारत त्याच्या सुमारे वीस वर्षे आधीची. चाकाच्या खुर्चीवरून न्यायालयात आलेल्या माणसाला रुडॉल्फ यांच्या पातळ्यांचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

तरीही एक भेद करावासा वाटतो. पायऱ्यांचा दोष रचनेचा होता. तो दूर करण्यासाठी आत काही तोडफोड करावीच लागली असती, आणि त्याबद्दल कोणी हळहळू नये. बादलीचा दोष मात्र बहुतांशी देखभालीचा. नायगारा फॉल्स शहरात रुडॉल्फ यांनीच बांधलेले सार्वजनिक ग्रंथालय १९७४ मध्ये उघडले, आणि तेही पहिल्यापासून गळत होते. त्यावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. तो गळका वारसा अंगावर घेऊनही ते ग्रंथालय वापरात राहिले. आपल्या कचेरीचेच पाहा : ती इमारत कोणा विख्यात रचनाकाराची असेल असे वाटत नाही, आणि बहुधा तिला एकच गच्ची असेल. बादली तरीही होतीच.

प्रश्न : एवढे जगभर नाव असलेली इमारत वारसा म्हणून वाचवता आली नाही का? तिथले कायदे तर कडक आहेत असे ऐकतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कडक आहेत हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत साधारणपणे ५० वर्षे पूर्ण झालेल्या वास्तूच घेतल्या जातात. त्याआधी घ्यायची तर ती असाधारण महत्त्वाची असल्याचे सिद्ध करावे लागते. शिवाय नोंद झाली म्हणजे मालकाचे हात बांधले जातात असेही नाही. स्थानिक पातळीवर संरक्षण नसेल तर मालक आपली नोंदलेली इमारतही पाडू शकतो, आणि गोशेनमध्ये मालक खुद्द जिल्हा प्रशासन होते.

या ५० वर्षांच्या अटीत एक मोठी अडचण दडलेली आहे. काँक्रीटच्या इमारतीचे पहिले मोठे दुखणे साधारण ४० व्या वर्षी पुढे येते : सळई गंजू लागते, खिडक्यांची रबरे संपतात, वातानुकूलन यंत्रणा बाद होते. मोठा खर्च दारात उभा असतो, इमारत नवी राहिलेली नसते आणि जुनी म्हणून मान मिळण्याइतकी जुनीही झालेली नसते. नेमक्या याच वयात ती सर्वांत अनाथ असते. आपल्याकडेही हेच झाले. दिल्लीतील प्रगती मैदानावरचे, राज रेवाल यांनी आखलेले १९७२ चे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले, तेव्हा वारसा समितीने ६० वर्षांहून जुन्या वास्तूंचाच विचार होऊ शकतो अशी भूमिका घेतली होती. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण १९६० नंतरच्या उघड्या काँक्रीटसाठी कोणी उभे राहील असे सध्या तरी दिसत नाही.

गोशेनसाठी लोक उभे राहिले होते. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने २०१२ च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत ही कचेरी घेतली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वास्तुसमीक्षक मायकेल किमेलमन यांनी तिची बाजू मांडली. आणि सर्वांत व्यवहार्य तोडगा आला तो जीन कॉफमन या न्यूयॉर्कच्या वास्तुरचनाकाराकडून : जुनी इमारत आपण विकत घ्यावी, ती कलावंतांच्या राहण्यासाठी व कामासाठी वापरावी, आणि प्रशासनाला शेजारच्या जागेवर नवी कचेरी आखून द्यावी. येल विद्यापीठातील रुडॉल्फ यांच्या त्या प्रसिद्ध इमारतीचे नूतनीकरण ज्या ‘ग्वाथमी सीगल’ संस्थेने केले, तीच संस्था पुढे कॉफमन यांच्याकडे आली होती. म्हणजे सूचना हवेतली नव्हती. त्यात प्रशासनाला गळती नसलेली इमारत मिळाली असती, विक्रीचे पैसे मिळाले असते आणि जुनी वास्तूही राहिली असती. कॉफमन यांचा स्वतःचा लाभ त्यात होता हे खरे, परंतु लाभ नसलेला प्रस्ताव फार काळ टिकतही नाही. डायना यांच्यानंतर आलेले प्रशासनप्रमुख स्टीव्हन न्यूहाउस यांनी विक्रीची वाट मोकळी करणाऱ्या निर्णयावर नकाराधिकार वापरला, आणि तो मोडून काढण्याइतकी मते विधिमंडळात जमली नाहीत. या सबंध प्रकरणात मला कळलेली सर्वांत कमी समर्थनीय गोष्ट हीच आहे. गळक्या छपरांचे समर्थन करता येत नाही, तसे ती छपरे स्वखर्चाने घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाला परत पाठवण्याचेही करता येत नाही.

प्रश्न : रुडॉल्फ यांचे काम आता कुठे पाहता येईल? मुलगा पुढील शिक्षणासाठी तिकडे जात आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : सर्वप्रथम येल. ती इमारत स्वतःच एक कहाणी आहे : १९६९ मध्ये आग लागली, पुढे आतून बेबंद फेरफार झाले, आणि २००८ मध्ये नूतनीकरण होऊन तिला ‘रुडॉल्फ हॉल’ असे नाव मिळाले. तिच्या आत सुमारे ३७ पातळ्या आहेत. गोशेनमध्ये काय हरवले याची कल्पना तिथे फिरल्यावर येईल. खडबडीत भिंतीला खांदा मात्र घासू नये, कातडी सोलवटते. बोस्टनमध्ये शासकीय सेवा केंद्राचा मोठा समूह आहे. त्यातला नियोजित मनोरा कधीच उभा राहिला नाही, म्हणजे ती दुसऱ्या अर्थाने अर्धी राहिलेली सरकारी कचेरी. डार्टमथच्या ग्रंथालयाचा उल्लेख वर आलाच आहे. उत्तर कॅरोलायनातील ‘बरोज वेलकम’ कंपनीची इमारत यादीत घेऊ नये, ती २०२१ मध्ये पाडली गेली.

वॉशिंग्टनला जाणे झाले तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुडॉल्फ यांच्या रेखाटनांचा संग्रह आहे. इमारत उभी कापून आतला सगळा संसार दाखवणारी त्यांची चित्रे शाईच्या हजारो समांतर रेघांनी भरलेली असतात. त्या रेघा आणि गोशेनच्या ठोकळ्यांवरच्या उभ्या रेघा एकाच हाताच्या आहेत, हे चित्र जवळून पाहिल्यावर मुलाला कोणी सांगावे लागणार नाही.